कोपऱ्यात ओतलेलं बियाणं

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला, पण सरकारी शिक्का मारून झालेला एकच. बावीस वर्षांची होते. पंचायत समितीच्या कृषी विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागून चार महिने झाले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीच्या भरात मी एका शेतकरीण बाईबद्दल सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: "सदर लाभार्थीने शासनाकडून मिळालेले संपूर्ण सुधारित बियाणे शेताच्या एका कोपऱ्यात ओतले असून उर्वरित शेत पाण्याखाली रिकामे पडलेले आहे. सबब पुढील अनुदान अदा करण्याची शिफारस करता येत नाही." खाली माझी लफ्फेदार सही. सहीचा सराव मी कॉलेजात असल्यापासून केला होता, तो असा कामी आला.

ज्यांच्या घरी धान होतो ते एव्हाना हसायला लागले असतील. इतरांसाठी सांगते. मी अकोल्याकडची, कापसाच्या मुलखातली. आमच्याकडे बी जिथे टोचलं तिथेच झाड उगवतं आणि तिथेच वाळतं. धानाचं, म्हणजे भाताचं, तसं नसतं. धान आधी शेताच्या एका कोपऱ्यात दाट पेरतात. तिथे हिरवी गादी झाली की ती रोपं उपटायची आणि बाकीच्या शेतात चिखल करून एकेक रोवायची. कोपऱ्यातल्या रोपांना पऱ्हे म्हणतात आणि लावणीला रोवणा. चंद्रपूरकडचं शेंबडं पोरही हे सांगेल, पण मी पदवीधर होते. शाळेच्या पुस्तकात वाकून भात लावणाऱ्या बायकांचं चित्र पाहिलं होतं. त्यांच्या हातातली रोपं कुठून आली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दुकानात मिळत असावीत, असं काहीतरी मनात असेल.

जिच्याबद्दल हे लिहिलं ती वच्छलाबाई. चिमूरहून एसटीनं तासाभरावर तिचं गाव. तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही; तिथले काही बाबू अजून ठणठणीत आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांना वाचायची सवय लागली आहे असं ऐकते. आमच्या कचेरीत तिला वच्छलाबाई कुणी म्हणत नसे. तिचं नाव पडलं होतं उतराबाई. कारण सरकारी माणूस कुठेही उंचावर असला, ओट्यावर, जीपमध्ये, शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, तरी ती त्याच्याकडे चढून जात नसे. खाली उभी राहायची, डोळ्यांवर आडवा हात धरायची आणि म्हणायची, "उतरा खाली." आवाजात राग नसे, विनंतीही नसे. एसटीचा कंडक्टर थांबा आला की सांगतो, तसं.

हे खूळ कुठून आलं, मी तिला पुढे विचारलं होतं. नवरा वारल्यावर जमीन तिच्या नावावर चढायला हवी होती. दिराच्या मनात ती आपल्या नावावर चढावी असं होतं. तलाठी गावात आला की पाटलाच्या ओट्यावर बसायचा. दीर ओट्यावर जाऊन कानात बोलायचा आणि हिला खालून काही ऐकू यायचं नाही. दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी ती ओट्यापुढच्या रस्त्यात उभी राहिली आणि म्हणाली, "उतरा खाली न् मोठ्यानं बोला. गावाले आइकू येऊ द्या, जमीन कोनाची हाये ते." तलाठी आधी हसला, मग माणसं जमली तेव्हा उतरला. पंधरा दिवसांत सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. मला हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "ओट्यावर बसला का मानूस खाली पाह्यते. खाली उभा राह्यला का समोर पाह्यते. एवढंच हाये ते, बाई. दुसरं काई नाई."

त्या वर्षी सरकारनं सुधारित धानासाठी अनुदान काढलं होतं. आधी बियाणं फुकट, मग कुणीतरी शेतात जाऊन बियाणं पेरलं की विकून खाल्लं ते पाहायचं आणि पाहणी ठीक असली की खताचे आणि रोवणीचे पैसे चेकनं द्यायचे. पाहणी करायची विस्तार अधिकाऱ्यांनी. ऐन जुलैत त्यांना हिवताप भरला आणि ते गोधडी घेऊन घरी झोपले. महिनाअखेरीला तक्ता वर पाठवायचा होता. साहेबांनी चष्म्यावरून पूर्ण कचेरीकडे नजर फिरवली. सगळे बाबू एकदम फायलींत घुसले. मी नवी होते, घुसायला फाईल शोधेपर्यंत उशीर झाला.

"तुम्ही जा," साहेब म्हणाले. "काही अवघड नाही. बघायचं आणि लिहायचं."

मी गेले. नायलॉनची साडी, फुलाफुलांची छत्री आणि पहिल्या पगारातून चंद्रपूरच्या बाजारातून घेतलेल्या उंच टाचेच्या चपला. ड्रायव्हर नागपूरचा, तो रस्त्यावर जीपमध्येच डोळे मिटून पडला. मी धुऱ्यावरून तोल सांभाळत गेले. समोर पाच चौकोनी शेतं, त्यांना तिकडे बांधी म्हणतात. सगळीकडे नुसतं पाणी आणि एका कोपऱ्यात पोपटी हिरवं काहीतरी दाट माजलेलं. पाण्यात गुडघाभर उभी राहून एक काळीसावळी, कणखर बाई फावड्यानं बांध नीट करत होती. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"अनुदानवाल्या का? या, उतरा खाली. दाखवतो तुमाले."

"नको, मला इथूनच दिसतंय," मी म्हणाले आणि छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बियानं लय चांगलं निंगालं, बाई. हात लावून पाहा ना."

"दिसतंय म्हटलं ना."

तिनं फावडं उचललं आणि ती कामाला लागली. मी परत येऊन जीपमध्ये बसले आणि परतीच्या खडबडीत रस्त्यावर मनातल्या मनात वाक्य जुळवत आले. "ओतले" हा शब्द सुचला तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही कबूल करून टाकते.

आठ दिवसांनी सकाळी कचेरी उघडली तर उतराबाई आवारात हजर. डोक्यावर पऱ्ह्यांची जुडी, मुळांना ओला चिखल. पायऱ्यांपाशी थांबून तिनं निरोप दिला, "अनुदानाचं पाह्यते त्या बाबूले म्हना, उतरा खाली."

अनुदानाचं मीच पाहत होते. उतरले. आवारात पंधरा-वीस शेतकरी आपापल्या कामासाठी उकिडवे बसलेले होते.

"माहा चेक काऊन अडला?"

"तुमचा पाहणी अहवाल प्रतिकूल आहे."

"असन. आना कागद, वाचा."

इथे तिची दुसरी सवय सांगायला हवी. उतराबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागदानं तिला कधी फसवलं नाही. कोणताही कागद ती दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घेई आणि दुसऱ्यानं पहिल्याचं वाचन ऐकलेलं नसलं पाहिजे, ही अट. "एकजन वाचते तवा त्याच्या मनातलं आइकू येते," ती म्हणे. "दोघं वाचतीन तवा कागदातलं येते." सोसायटीचा सचिव तिला पाहिला की म्हणे, उतराबाई आली, आता दुसरा वाचणारा शोधा.

तर मी वाचलं. आकाशवाणीवर बातम्या देतात तशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून. बसलेल्या माणसांना फार काही उमगलं नाही. "सबब" हा शब्द आला की तिकडची माणसं सवयीनं मान खाली घालत. उतराबाईनं मात्र माझ्या हातातून कागद घेतला आणि नुकताच बिडी ओढून परत येणाऱ्या आमच्या शिपायाला दिला.

"किसनभाऊ, आता तुमी वाचा."

किसनभाऊ बोट ठेवून वाचू लागला. "संपूर्ण... सुधारित बियाणे... शेताच्या एका कोपऱ्यात... ओत... ओतले..." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरच्या जुडीकडे पाहिलं. परत कागदाकडे. "बाई," तो मला अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे तुमी पऱ्ह्याले म्हनून राह्यल्या का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तो पायरीवर बसला आणि पोट धरून हसू लागला.

"का झालं गा?" सगळे विचारू लागले.

"अरे, पऱ्हे टाकले तर मॅडम म्हन्ते, बियानं सांडवलं!"

आवारात असा हशा पिकला की आतले बाबू खिडक्यांत आले. एक म्हातारे शेतकरी डोळे पुसत म्हणाले, "मंग आमी सारेच गुन्हेगार हावो मॅडम. घाला आमाले जेलात!"

मला अजून काही कळलं नव्हतं. किसनभाऊनंच हसू आवरत मला दोन वाक्यांत धानाची शेती शिकवली. मला घाम फुटला. पावसाळी हवा होती, तरी फुटला.

एक उतराबाई तेवढी हसली नव्हती. तिनं जुडी पायरीवर ठेवली.

"हसनं झालं का? आता आइका. आज अठ्ठावीस दिवस झाले या पऱ्ह्याले. पस्तीसच्या वर गेले का कांडी धरतेत, मंग रोवा का नोका रोवा, फुटवा येत नाई. माह्या पाच बांध्या. घरच्या घरी एक रोवली. चार राह्यल्या. रोवनाऱ्या बाया उद्या बोलवल्या का उद्या येतीन, पन त्याईले रोजी पायजे, धानाले खत पायजे. चेक सात दिवसांत नाई आला तर साल गेलं माहं."

इथे मी माफी मागायला हवी होती. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "पण तुम्ही मला तेव्हाच नीट सांगायला हवं होतं!"

"म्हनलं ना. या, हात लावून पाहा म्हनलं. तुमी आपल्या चपला पाहून राह्यल्या होत्या."

मी साहेबांकडे गेले. साहेब नगरकडचे, ऊसवाले. त्यांनी अहवाल पुन्हा वाचला, चष्मा काढला, पुसला.

"मॅडम, हा अहवाल मागे घ्यायचा म्हणजे माझी सही मागे घ्यायची."

"सही तुमची बरोबर आहे साहेब. सहीच्या वरचं चुकलंय."

"फेरपाहणी करावी लागेल. गाडी सोमवारी मोकळी होईल."

सोमवारी म्हणजे तेहतिसावा दिवस. मग टिपणी, मग चेक. मी बोटांवर हिशेब केला आणि मला ती पोपटी रोपं डोळ्यांसमोर म्हातारी होताना दिसू लागली. म्हटलं, "साहेब, उद्या पहिल्या एसटीनं जाते. तिकीट माझं."

"जा. पण कागद कोरा ठेवून चालणार नाही. पहिली पाहणी का चुकली हे फाईलवर यायला हवं. तुमच्या हस्ताक्षरात. तुमची नोकरी अजून पक्की नाही, हे लक्षात ठेवून लिहा."

मोठ्या बाबूंनी मला बाजूला घेऊन समजावलं की असं लिहून देऊ नये, "पावसामुळे पाहणी अपूर्ण" असं लिहावं, सगळे तसंच लिहितात. मोह झाला. खोटं बोलायची मला भीती नव्हती; आईला कॉलेजातल्या किती गोष्टी मी सांगितल्या नव्हत्या! पण खिडकीतून उतराबाई दिसत होती. पायरीवर बसून ती जुडीवर हापशाचं पाणी शिंपडत होती, एका हातानं, लहान मुलाच्या डोक्यावर शिंपडावं तसं. मी लिहिलं, "मला धानाच्या लागवडीची माहिती नव्हती. मी शेतात न उतरता धुऱ्यावरूनच पाहणी केली. चूक माझी आहे." तो कागद उतराबाईनं अर्थातच दोघांकडून वाचून घेतला. यावेळी किसनभाऊ हसला नाही.

साहेबांनी टिपणीवर सही केली आणि मी दाराशी पोचले तेव्हा हाक मारली. आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? मलाही वाचताना वाटलं होतं, ही बाई कोपऱ्यातच का पेरते बरं." मग फाईल उघडून एकदम गंभीर झाले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेतात उतरले. चपला हातात घेतल्या होत्या. पहिल्या पावलालाच पाय पिंढरीपर्यंत आत गेला आणि मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. तिची जाऊ आणि शेजारच्या दोघीजणी रोवत होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. उतराबाईनं माझ्या हातात मूठभर रोपं दिली.

"घ्या. रोवा."

"मी? मला फक्त मोजायचंय."

"मोजाल मंग. आधी रोवा. हातानं केलं का डोळ्याले दिसते."

मी वाकून रोप चिखलात खुपसलं, पार कोपरापर्यंत.

"अवो बाई, रोवून राह्यल्या का पुरून राह्यल्या त्याले? वर, वर, बोटाच्या पेराएवढं!"

पाच-सहा रोपं जमली. मला हुरूप आला. पुढची जागा दिसली म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं. चौघी एकदम किंचाळल्या. मी आताच रोवलेल्या रोपांवर मी स्वतःच पाय दिला होता.

"पुढं कुठी चालल्या? मांग सरका, मांग! रोवना मांग सरकून होते!"

मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे काम मागे सरकत करायचं असतं. सगळ्या आयुष्यात मला पुढे जा, पुढे जा एवढंच शिकवलेलं. ती जाऊ तर इतकी हसली की पाण्यात बसली. माझी ओळ सापासारखी वाकडी झाली होती. उतराबाईनं ती तशीच राहू दिली. मग मी पावलांनी बांध्या मोजल्या, पऱ्ह्यांना हात लावला, मुळं पाहिली आणि धुऱ्यावर बसून अहवाल लिहिला. त्यावर माझ्या अंगठ्याचा चिखलाचा ठसा उमटला. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पाहणीचा पुरावा." त्यांनी ठशाच्या बाजूलाच सही केली.

आता चेक. रोखपाल आमचे सज्जन, पण जुने. त्यांनी विचारलं, "खातं कुणाचं आहे? बाईचं नसेल. घरात पुरुष कोण? दीर ना? मग दिराच्या नावानं काढतो, व्यवहार तोच बघत असेल."

उतराबाई खिडकीखालीच उभी होती. "भाऊ," ती म्हणाली, "दीर रोवते का?"

रोखपालांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, खातं आजच उघडून आणते. बँक समोरच होती. खातं उघडायला ओळख देणारं कुणीतरी लागतं, ज्यानं लिहून द्यायचं की या व्यक्तीला मी चांगली ओळखते. ती सही मी केली. नऊ दिवसांपूर्वी जिला मी बियाणं ओतणारी ठरवलं होतं, तिला मी चांगली ओळखते म्हणून त्याच लफ्फेदार सहीनं लिहून दिलं. बँकेतला कारकून म्हणाला, "नातेवाईक का?" उतराबाई म्हणाली, "नाई, नुकतीच वळख झाली."

चेक बत्तिसाव्या दिवशी वटला. रक्कम आज सांगितली तर माझी नात तिच्यात दोन पिझ्झे मागवेल आणि वर म्हणेल, पुरणार नाहीत. पण त्या दिवशी सोसायटीतून खताची पोती बैलगाडीवर चढली आणि दुसऱ्या दिवशी वीस बायका तिच्या बांध्यांत उतरल्या. तीन बांध्या पस्तिशीच्या आत झाल्या. पाचवी राहिली. ती रोवेपर्यंत पऱ्ह्यांचे अडतीस दिवस झाले होते.

दिवाळीनंतर तिचा निरोप आला, धान पाहायला या. मी माझ्या यजमानांना घेऊन गेले. ते भद्रावतीला कारखान्यात होते आणि आपल्या बायकोनं सरकारी कामात काहीतरी पराक्रम केला आहे अशी त्यांची समजूत मी करून दिली होती. चार बांध्यांत सोन्यासारखा धान वाकला होता. पाचवीत लोंब्या तुरळक, मधेमधे मोकळं. उतराबाईनं यजमानांना तिथेच नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "पाहा भाऊ, ही मॅडमची बांधी."

झाकून ठेवलेलं सगळं तिनं त्यांना धुऱ्यावर उभं राहून मीठमसाला लावून सांगितलं. परतीच्या एसटीत यजमान उतरेपर्यंत हसत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते. पण त्या हसण्यातही मला एक गोष्ट विसरता येत नव्हती. ती पाचवी बांधी माझ्यामुळे विरळ झाली होती आणि तिनं त्याबद्दल मला एकदाही बोल लावला नव्हता. नुसतं नाव ठेवलं होतं. गावातली माणसंही तेच नाव घेऊ लागली. मॅडमच्या बांधीपाशी बैल गेले, मॅडमच्या बांधीत पानी थांबलं, असं.

पुढच्या वर्षी तिनं त्या बांधीत दुप्पट शेणखत घातलं. मी विचारलं, इतर बांध्यांवर अन्याय नाही का? म्हणाली, "तुमच्या नावानं हाये, बाई. उद्या कोनी म्हनलं का मॅडमची बांधी म्हंजे पडीक, तर वाईट तुमाले नाई, मले वाटन." तिसऱ्या वर्षी पाचांत सर्वांत चांगला धान तिथलाच आला. तेव्हा मात्र तिनं निरोप पाठवला नाही, स्वतः आली. एका कापडात बांधून दोन मुठी लोंब्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि पायऱ्या उतरून गेली. त्या दिवशी ती पहिल्यांदा आमच्या कचेरीच्या पायऱ्या चढली होती, हे किसनभाऊच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

अनुदानाचा हंगाम आला की ती एकटी येत नसे. गावातल्या ज्या बायकांच्या नावावर तुकडाभर का होईना जमीन होती त्यांना घेऊन येई. कुणी बौद्ध वस्तीतल्या, कुणी कुणब्यांच्या, एक गोंड आजीबाई होती जिला मराठी नीट येत नव्हतं. उतराबाई त्यांना आवारात ओळीनं उभं करी आणि मला खालून हाक मारी. मी कागद वाचे, मग किसनभाऊ वाचे. रोखपाल आता विचारत नसत की घरात पुरुष कोण. स्वतःच सातबारा बघत, बाईचं नाव सापडलं की चेकवर तेच लिहीत आणि चष्म्यावरून माझ्याकडे असे बघत की जणू ही कल्पना मुळात त्यांचीच. दोन हंगामांत आमच्या चेकबुकात बायकांची नावं इतकी झाली की जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, तुमच्या तालुक्यात पुरुष शेती करत नाहीत काय? उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण आमच्या ऊसवाल्या साहेबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्यांना माझी उत्तरं ठाऊक झाली होती.

उतराबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गेल्याचं मला फार उशिरा कळलं, किसनभाऊच्या पत्रातून. मी तेव्हा आजी झाले होते. माझ्या नोकरीतल्या उरलेल्या सगळ्या पाहण्या मी चपला हातात घेऊन केल्या. गुडघे आता जे बोलतात ते त्यामुळेच, असं माझे डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणते.

तिचा आणि माझा निरोप झाला तो मात्र फार आधी, त्या पहिल्या पाहणीनंतर पाच वर्षांनी, मे महिन्यात. माझी बदली चंद्रपूरला झाली होती. मी मुद्दाम तिच्या गावी गेले. शेत कोरडं पडलं होतं, भेगा पडलेल्या, आणि ती शेणखताचे ढीग पसरत होती. मी रडवेली झाले होते. तेव्हा मला वाटे की आपण गेलो की या तालुक्याचं कसं होणार. माझ्या जागी येणारा मुलगा साताऱ्याकडचा होता आणि मी त्याच्याशी एकदाच बोलले होते. त्यानं मला विचारलं होतं, धानाला आणि भाताला वेगवेगळं अनुदान असतं का?

हे मी तिला सांगितलं. म्हटलं, "बाई, मला तुमची काळजी वाटते. त्याला काही म्हणजे काही माहीत नाही. पुन्हा कुणाचा तरी चेक अडकेल."

ती घमेलं खाली ठेवून पहिल्यांदा मोकळी हसली, पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "येऊ द्या ना, बाई. तुमाले शिकवलं तसं त्यालेबी शिकवू. फक्त त्याले मिरगाच्या आधी पाठवा म्हना, रोवन्यात आमाले फुरसत नाई राहत."